धनजचा पेशंट, वाशिमचा विद्यार्थी आणि मधला फोन

कारंजा तालुक्यातल्या धनजमध्ये बसून कुणी वाशिमला फोन लावला आणि बोलता बोलता तो सदऱ्याच्या आत थेट छातीवर टेकवला, तर पलीकडच्या माणसाला काय ऐकू येईल? कापडाची खसखस, एखादी खोकल्याची उबळ. हृदयाचे ठोके मात्र जवळजवळ नाहीतच. बोलणं वाशिमला पोचतं आणि ज्या छातीतून ते निघालं, तिथलं हृदय मागेच राहतं.

याचं कारण मोठं विलक्षण आहे. टेलिफोनचं जाळं उभारलं गेलं ते माणसाच्या बोलण्यासाठी. शब्द कळण्यापुरता आवाज पोचला की काम झालं, म्हणून अभियंत्यांनी साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच पट्टी तारेवरून पाठवायची ठरवली. आपल्या हृदयाचं ‘लब-डब’ बहुतांशी 20 ते 150 हर्ट्झमध्ये असतं, म्हणजे त्या पट्टीच्या पार खाली. आता नव्या मोबाइल कॉलची पट्टी बरीच रुंद झाली आहे. पण फोनमधली आवाज स्वच्छ करणारी यंत्रणा बोलण्यासारखं जे नसेल ते गोंगाट समजून गाळून टाकते, आणि तिच्या लेखी हृदयही गोंगाटच.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. पुरुषाच्या भरदार आवाजाचा मूळ स्वरसुद्धा शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो. जुन्या टेलिफोनच्या तारेवरून तो कधी गेलाच नाही. तरीही गावाकडून आलेला वडिलांचा घनगंभीर आवाज आपण लगेच ओळखत होतो, कारण वरचे स्वर ऐकून खालचा स्वर मेंदू आपल्या आपण रचून घेतो. हृदयाच्या बाबतीत मेंदूला ही किमया साधत नाही. जे आलंच नाही, ते डॉक्टरनं मनानं भरून काढायचं नसतं.

आता या गोष्टीचा वाशिमशी संबंध. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा, 2018 पासून नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी इथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, 100 जागांचं. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या दहा नव्या वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन पंतप्रधानांनी एकदमच केलं, तेही दूरदृश्य प्रणालीवरून. या मुलांच्या कॉलेजचा नारळच ऑनलाइन फुटला. मोबाइल हातात घेऊनच मोठी झालेली ही पिढी. गुणपत्रिका, प्रवेशफेरी, शिकवणी, मेसचे पैसे, सगळं पडद्यावर. तिला विचारलं की पेशंटनं दवाखान्यात यावं की फोनवर दाखवावं, तर उत्तर काय येईल?

कोविडनंतर भारतात आणि बाहेर वैद्यकीय विद्यार्थ्यांची या विषयावर कितीतरी सर्वेक्षणं झाली. त्यांचा सूर बराचसा एकसारखा आहे. ऑनलाइन आरोग्यसेवा हवी आणि ती वाढणार, असं बहुतेक मुलं म्हणतात. त्याच दमात ती हेही सांगतात की हात लावून तपासता येत नाही याची धास्ती वाटते, पेशंटची गुप्तता कशी राखायची हे नीट माहीत नाही, आणि हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मला या उत्तरांत गोंधळ दिसत नाही. शरीर आपली बातमी कोणत्या वाटेनं बाहेर पाठवतं हे ज्यांना नुकतंच कळू लागलं आहे, अशा मुलांचं ते उत्तर आहे.

वॉर्डात पहिल्यांदा उभं राहिलेल्या मुलाला चार पायऱ्या शिकवतात: पाहा, हात लावा, ठोकून बघा, मग ऐका. इन्स्पेक्शन, पाल्पेशन, परकशन, ऑस्कल्टेशन. या चारही पायऱ्या कुणीतरी कधीतरी नव्यानं शोधल्या. 1761 मध्ये लिओपोल्ड आउएनब्रुगर या डॉक्टरनं छातीवर बोटांनी ठोकून आतलं पाणी ओळखण्याची रीत मांडली. तो खानावळवाल्याचा मुलगा, आणि बाप पिंप ठोकून आत वाइन किती उरली ते बघायचा, त्यावरून पोराला हे सुचलं, असं सांगतात. 1816 मध्ये पॅरिसच्या रेने लेनेकला एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणं अवघड वाटलं, म्हणून त्यानं कागदाची सुरळी मध्ये धरली. तोच पहिला स्टेथोस्कोप. डॉक्टरच्या गळ्यात शोभणारी ही नळी आज जवळिकीची खूण वाटते, पण जन्मली ती पेशंट आणि डॉक्टर यांच्यात थोडं अंतर ठेवण्यासाठी. एवढं ध्यानात घेतलं की पडद्याबद्दलची आपली अढी जरा सैल होते.

तर या चार पायऱ्यांपैकी पडद्यातून काय जातं? पाहणं जातं, आणि आपल्याला वाटतं त्याहून पुष्कळ जातं. दर ठोक्याला चेहऱ्याच्या कातडीखाली रक्ताची एक लहर येते. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून त्या क्षणी चेहरा किंचित, अगदी नगण्य, वेगळा दिसतो. आपल्या डोळ्याला तो फरक दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. नुसत्या खोलीतल्या उजेडात आणि साध्या डिजिटल कॅमेऱ्यानं चेहऱ्यावरून नाडी मोजता येते, हे 2008 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. आवाजाच्या वाटेनं जे हृदय धनजहून निघू शकत नाही, ते उजेडाच्या वाटेनं निघू शकतं!

श्वासही दिसतो. लहान बाळाच्या न्यूमोनियाची एक महत्त्वाची खूण मोजण्यात आहे: मिनिटाला श्वास किती? दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभराच्या बाळाला 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाला 40 किंवा जास्त, असे जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे आहेत. बाळाचं झबलं वर करून फोन स्थिर धरला, तर वाशिमला बसलेला माणूस हे मोजू शकतो. यातलं खरं शहाणपण विदर्भानं फार आधी दाखवलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी आकडे मोजता न येणाऱ्या दाईंसाठी एक श्वासगणक बनवलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सरकवायचे मणी, एवढंच. दहा श्वास झाले की एक मणी पुढे. वाळू संपायच्या आत मणी खुणेच्या पुढे गेले की बाळाला न्यूमोनिया. तिथं ना वीज होती, ना पडदा, ना नेटवर्क. तरी डॉक्टरचं ज्ञान पेशंटच्या घरात पोचलं होतं, कारण घरात शिकवलेला डोळा होता. दूरवरून उपचार करण्याचं सगळं गुपित मला या मण्यांत दिसतं.

रंग मात्र फसवतो, आणि हे प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच महिन्यात शिकवावं असं माझं ठाम मत आहे. रक्त कमी आहे का हे बघायला डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढतो, तळहात पाहतो. फोनचा कॅमेरा दर फोटोला रंगांचा समतोल स्वतःच ठरवतो. पिवळ्या बल्बखाली तो पिवळेपणा कमी करतो, निळसर ट्यूबखाली निळेपणा. फोटो सुंदर दिसावा म्हणून केलेली ही दुरुस्ती कधी फिकट पापणीला गुलाबी करते, तर कधी काविळीचा पिवळा डोळा पांढरा करून ठेवते. सिकलसेल आणि ॲनिमिया जिथं घरोघरी माहीत आहेत, त्या विदर्भात ही चूक परवडणारी नाही. त्याला तोड साधी आहे: दिवसाच्या उजेडात यायचं आणि पापणीशेजारी कोरा पांढरा कागद धरायचा. कागद फोटोत पांढरा दिसला, तर रंगावर बराचसा भरवसा ठेवता येतो.

हात लावणं मात्र जात नाही. उजव्या कुशीत खाली दुखणाऱ्या पोटावर डॉक्टर हळूच दाब देतो, तेव्हा पोटाचे स्नायू आपोआप ताठ होतात का, दाब सोडताना पेशंट कळवळतो का, हे त्याच्या बोटांना कळतं. आतड्याला आलेली सूज त्या ताठरपणातून बोलते. ही बातमी ना उजेडानं निघते ना आवाजानं, ती फक्त दाबानं निघते. म्हणूनच खेड्यातली बाई ऑनलाइन दाखवून आल्यावर ‘डॉक्टरनं हातच लावला नाही’ म्हणते, तेव्हा ती अडाणीपणानं बोलत नसते. चारातली एक पायरी राहून गेली, हे ती आपल्या भाषेत अचूक सांगत असते.

मग प्रश्न उरतो तो अंतराचा. धनज हा सोयाबीन, तूर, कपाशीचा मुलूख. तालुक्याच्या गावापासून, म्हणजे कारंज्यापासून, वाशिम, अकोला, अमरावती आणि यवतमाळ ही चारही जिल्ह्याची ठिकाणं ढोबळमानानं साठ ते पंचाहत्तर किलोमीटरच्या टप्प्यात येतात. आज या चारही शहरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे: यवतमाळला 1989 पासून, अकोल्याला 2002 पासून, अमरावती आणि वाशिमला 2024 पासून. चार शहरांच्या मधोमध असणं म्हणजे चारही शहरांपासून लांब असणं. रक्तदाबाची गोळी तीच ठेवायची की बदलायची, एवढं विचारायला जायचं तर एका माणसाची मजुरी बुडते, सोबत येणाऱ्या दुसऱ्या माणसाचीही बुडते, शिवाय तिकिटं. या कामाला हाताची गरज नसते. वही, मोजलेले आकडे आणि गोळ्यांचं पाकीट समोर असलं की पुरतं.

ई-संजीवनी नेमकी इथं उपयोगी पडते. मोहालीच्या सी-डॅक या संस्थेनं बनवलेली ही केंद्र सरकारची ऑनलाइन सल्ल्याची सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये आरोग्य केंद्रांतून सुरू झाली, आणि 13 एप्रिल 2020 रोजी, टाळेबंदीत, थेट घरच्या फोनवरही आली. फेब्रुवारी 2023 पर्यंत तिच्यावरून दहा कोटी सल्ले दिले गेले होते, आणि घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त, सुमारे 57 टक्के, स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून मी थबकलो. दवाखान्यात जायला घरच्या कुणाची तरी सोबत, सवड आणि परवानगी लागते अशा बाईसाठी अंतर फक्त किलोमीटरचं नसतं. सेवेची रचनाही पाहण्यासारखी आहे. उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी, गावाच्या भाषेत सीएचओ मॅडम, पेशंटशेजारी बसतात. रक्तदाब त्या मोजतात, साखर तपासतात, पोटाला हात त्या लावतात, आणि पलीकडच्या डॉक्टरला काय लागलं ते सांगतात. हात इथला आणि अनुभव तिथला. घरून एकट्यानं फोन लावणं आणि सीएचओंच्या शेजारी बसून दाखवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि मला विचाराल तर ऑनलाइन सेवेची चांगली बाजू ही दुसरी.

दूरच्या डॉक्टरला इथली बातमी पोचवण्याची ही धडपड जुनी आहे. हॉलंडमधल्या लायडन गावी विलेम आइंटहोवेननं हृदयाची वीज टिपणारं यंत्र बनवलं होतं. ते पावणेतीनशे किलोच्या घरातलं, इस्पितळात नेणार कसं? मग 1905 मध्ये त्यानं पेशंटला इस्पितळातच ठेवलं, त्याचे हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवले, आणि हृदयाची वीज टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूर प्रयोगशाळेत आणली. जगातला पहिला दूरवरून काढलेला ईसीजी तो. ईसीजीवरच्या याच कामासाठी पुढे 1924 मध्ये त्याला नोबेल मिळालं. ऑस्ट्रेलियाच्या निर्जन माळरानावर 1929 पासून सायकलसारखे पायडल मारून वीज तयार करायची आणि रेडिओवरून डॉक्टरला गाठायचं, अशी सोय झाली. पुढे तिथल्या शेतघरांना औषधांच्या पेट्या दिल्या गेल्या, प्रत्येक औषधाला क्रमांक. डॉक्टर रेडिओवरून नुसता क्रमांक सांगे. औषधाचं अवघड नाव चुकीचं ऐकू येण्याची भीतीच मिटली.

आपल्याकडे मात्र बराच काळ फोनवरचा सल्ला कायद्याच्या संधिप्रकाशात होता. 2018 मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि फोनवरून औषध सांगायला महाराष्ट्रातले डॉक्टर धास्तावले. 25 मार्च 2020 रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची नियमावली जाहीर झाली आणि चित्र स्पष्ट झालं. ती वाचली की जाणवतं, तिनं औषधांची वाटणी जवळपास त्या चार पायऱ्यांनाच धरून केली आहे. ताप उतरवायची गोळी किंवा ओआरएस नुसत्या बोलण्यावरून सांगता येतं. पहिल्याच भेटीत त्वचेवरचं मलम द्यायचं, तर व्हिडिओवर पाहावं लागतं. आधी प्रत्यक्ष तपासलेल्या पेशंटला त्याच आजारासाठी आणखी काही औषधं देता येतात. नशेची आणि गैरवापर होऊ शकणारी काही औषधं तर ऑनलाइन लिहिताच येत नाहीत. सोळा किंवा त्याहून कमी वयाच्या मुलासोबत मोठं माणूस हवंच. तातडीच्या प्रसंगी प्रथमोपचार सांगायचे आणि दवाखान्यात पाठवायचं, तिथं ऑनलाइन उपचार संपतो. आणि सल्ला नोंदणीकृत डॉक्टरनंच द्यायचा. विद्यार्थ्यानं शिकायचं, स्वतंत्रपणे द्यायचा नाही.

तातडीचं एक उदाहरण या भागाला विसरता येणार नाही. 2017 च्या पावसाळ्याअखेर शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑरगॅनोफॉस्फेट जातीच्या कीटकनाशकानं माणसाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, घाम फुटतो, तोंडाला लाळ सुटते, श्वास कोंडतो. यातलं जवळजवळ सगळं व्हिडिओवर दिसतं. उतारा मात्र शिरेतून द्यायचा ॲट्रोपिन, तो पडद्यातून जात नाही. मग फोनचा उपयोग काय? फार मोठा आहे. डब्यावरच्या लेबलचा फोटो आधी पोचला, तर पेशंट येण्याआधी दवाखान्याला कळतं की विष कोणत्या जातीचं आहे. सगळ्या कीटकनाशकांवर एकच उतारा चालत नाही, त्यामुळे तो एक फोटो जीव वाचवू शकतो. कपडे उतरवा, साबणपाण्यानं अंग धुवा, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा, हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

हे सगळं वर्गात बसून कळत नाही. 1969 मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली, तेव्हापासून तिथल्या मुलांना गावात मुक्कामाला पाठवतात, घरं वाटून देतात. आता राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमानं देशभरातल्या एमबीबीएसच्या मुलांना काही कुटुंबं दत्तक दिली आहेत. माझी तळमळीची विनंती आहे की याच कुटुंबांबरोबर फोनवर तपासणंही शिकवावं. आज प्रत्यक्ष जाऊन बघा, पुढच्या आठवड्यात त्याच आजीला शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हिडिओवर बघा, आणि दोन्ही वेळचं निरीक्षण शेजारी शेजारी मांडा. काय दिसलं आणि काय निसटलं हे ज्याला स्वतःच्या वहीत सापडलं, तो पुढे कधी हुरळणार नाही आणि घाबरणारही नाही.

एक गोष्ट बोलायची राहिली, आणि ती नाजूक आहे. वैद्यकीय विद्यार्थी स्वतःही पेशंट असतो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यगटानं 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात 25,590 पदवी विद्यार्थ्यांची ऑनलाइन उत्तरं आहेत. त्यांपैकी 27.8 टक्क्यांनी आपल्याला मानसिक आजार असल्याचं सांगितलं. ज्या कॉलेजात शिकायचं त्याच कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत रांगेत उभं राहायचं, तिथं केस पेपर काढणारा ओळखीचा, तपासणारे सर उद्या तोंडी परीक्षेला समोर. अशा मुलासाठी हातानं तपासायची गरज कमी आणि कुणी ओळखू नये ही गरज सगळ्यात मोठी. ऑनलाइन सल्ल्याला इथं मी निःसंकोच पहिली पसंती देईन. टेली-मानस ही सरकारी सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतूनही. क्रमांक 14416. वाशिमच्या वसतिगृहात, आणि चारही शहरांतल्या वसतिगृहांत, हा क्रमांक प्रत्येक मजल्यावर लावलेला असावा.

आणि वाचकहो, तुम्ही धनजला असा की ठाण्याला, फोनवर डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर एवढं करा. खिडकीकडे तोंड करून दिवसाच्या उजेडात बसा, पंखा-टीव्ही बंद करा, फोन कशाला तरी टेकवून ठेवा म्हणजे हलणार नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं समोर ठेवा, जुने कागद तारखेनुसार लावा. ताप, रक्तदाब, साखर जे मोजलं असेल ते आकड्यात सांगा. डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, तो सांगणं त्यांचं कर्तव्य आहे. पोट ताठ झालं असेल, छातीत दाब वाटत असेल, श्वास कोंडत असेल, बाळ दूध घेईनासं झालं असेल, तर व्हिडिओ जोडायच्या नादी लागू नका. 108 लावा आणि निघा.